मामांची अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या रविवारी मी गिरगावात मामांकडे गेलो होतो, काखेत एक रेकॉर्ड घेऊन. मामांचा जुना प्लेअर अजून चालतो. सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि बेस गिटार घुमू लागली. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, हे तर आपले अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट!"

त्यांचं ते 'आपले' मला फार भिडलं. कारण कीथ कांगा यांनी सत्तरच्या दशकात उभा केलेला हा मुंबईचा रॉक बँड मुंबईलाच आठवेनासा झाला होता. मराठी घरांना त्या रॉकच्या जगातला गायक नंदू भेंडे ठाऊक, तोही बहुधा 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकामुळे. रेकॉर्ड कंपन्यांचं लक्ष सिनेमाच्या गाण्यांवर. परदेशी अ‍ॅम्प्लिफायर मिळणं दुरापास्त, म्हणून पोरं इथेच कुणाकडून तरी बनवून घ्यायची. अशा दिवसांत इंग्रजी बँडची स्वतःची एलपी, म्हणजे अख्ख्या अल्बमची मोठी रेकॉर्ड, निघणं म्हणजे अपूर्वाई! अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची एलपी 'ऑब्सेशन ७७' बाजारात आली ती थेट १९८१ साली. तोवर बँडचा बहर ओसरला होता.

पुढे ३० वर्षांनी, २०११ मध्ये, लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या छोट्या कंपनीनं हे संगीत पुन्हा काढलं आणि एलपीवर नसलेली ध्वनिमुद्रणंही त्यात घातली. माझ्या मते खरा ऐवज तोच आहे. एलपीवर फंकचा ठेका पुढे असतो. या बाकीच्या तुकड्यांत गिटार चांगलीच तापलेली आहे. नुसत्या एलपीवरून या मंडळींची ताकद अर्धीच कळली असती.

मामा मग कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकबद्दल बोलत राहिले. १९७२ साली लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट तिथे येऊन वाजवून गेले. त्या रात्री मामा तिथे नव्हते. ती चुटपुट त्यांना अजून आहे.

दुसरी बाजू लावली तेव्हा त्यांची बोटं चकलीच्या स्टीलच्या डब्यावर चालू होती, तालाच्या किंचित पुढे. तेवढ्यात मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या. मला वाटलं, आता बंद करावं लागणार. तर म्हणाल्या, "अहो, आवाज वाढवा की जरा!"

तीच बाजू आता तुमच्यासाठी लावतोय.