एकसष्टावं नाव

(दृश्य : संध्याकाळ. दोनशिक्षकी प्राथमिक शाळेचं ऑफिस. टेबलावर हजेरीपट.)

आज ३० सप्टेंबर. आजच्या पटावर संचमान्यता ठरायची, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीचा हिशेब सरळ आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन. या हिशेबाने साठावर एक नाव वाढलं की एक माणूस वाढतो. दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे, त्यातून पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा आणि ऑनलाइन माहिती भरायची. अशा शाळेत तिसरा माणूस येणं म्हणजे काय, ते शिक्षकांनाच विचारा.

ही शाळा आपण कल्पनेत उभी केली आहे, पण पेच खरा आहे. पटावर ६१ नावं आहेत. एकसष्टावा मुलगा गेल्या दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला, तो अजून परतलेला नाही. आजोबा म्हणतात, "येईल की गुरुजी. नाव नका काढू."

(दृश्य : कपाटातली शालेय व्यवस्थापनाची जुनी पुस्तकं.)

मुख्याध्यापकांनी डीएसएम केलेलं आहे, म्हणजे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका. नियोजन, संघटन, नियंत्रण, सगळं पाठ. या विद्येचा बराचसा भाग कारखान्यातून शाळेत आला. या विद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी फेयॉल खाणकंपनी चालवायचा आणि टेलर पोलाद कारखान्यात कामाच्या वेळा मोजायचा. पुढे १९४७ मध्ये हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकाने सांगितलं, की प्रशासनाच्या शास्त्राने तथ्य आणि मूल्य वेगळं ठेवावं. अमेरिकेतल्या शिक्षण-प्रशासनाच्या अभ्यासकांनी १९५०च्या दशकात तोच धागा पकडला. शाळा कशी चालते ते शोधायचं. ती कशी चालावी, हा शास्त्राचा प्रश्न नव्हे.

१९७४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात कॅनडाचे शिक्षण-प्रशासनाचे अभ्यासक थॉमस ग्रीनफील्ड यांनी यालाच सुरुंग लावला. संघटना ही झाडा-दगडासारखी आपोआप असलेली वस्तू नाही, ती माणसांच्या इच्छांनी आणि हेतूंनी घडते, असं त्यांचं म्हणणं. वाद वर्षानुवर्षं चालला.

आपल्या हजेरीपटाला मात्र जास्त उपयोगी पडतो रॉबर्ट स्टॅरट हा अमेरिकी शिक्षण-अभ्यासक. १९९१ मध्ये त्याने शाळेच्या नेतृत्वासाठी तीन नीती एकत्र मांडल्या : न्याय, काळजी आणि चिकित्सा.

न्याय म्हणेल, मूल नाही तर नाव नाही. खोट्या पटावर शिक्षक मिळाला, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या वाट्याचा असतो. काळजी म्हणेल, नाव काढलंत तर ते पोर कुणाच्याच हिशेबात राहणार नाही. आजोबा तेच म्हणताहेत, त्यांना स्टॅरट माहीत नसला तरी. अडचण अशी, की मायेपोटी ठेवलेलं नाव आणि शिक्षकाच्या पदासाठी ठेवलेलं नाव, रजिस्टरमध्ये दोन्ही सारखीच दिसतात. मुख्याध्यापकांना स्वतःला तरी त्यातला फरक सांगता येईल का, याची मला शंका आहे.

(दृश्य : रिकामं बाक. बाहेर हापसा.)

सरकारने हा फरक एकदा शाईने शोधला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११, राज्यभर पटपडताळणी. मुलं मोजली, बोटांना शाई लावली, आणि ढिगाने बोगस नावं निघाली. ते करणं भागच होतं. पण शाईला हजर बोटच दिसतं. ऊसाच्या फडात गेलेलं पोर आणि कधी जन्मालाच न आलेलं पोर, तिच्या लेखी दोघंही गैरहजर.

इथे स्टॅरटची तिसरी नीती, चिकित्सा, बोट नियमाकडे वळवते. साठ आणि एकसष्ट यांच्यामध्ये एवढी उंच भिंत कुणी बांधली? ज्या गावांतून निम्मं गाव सहा महिने बाहेर असतं, तिथे एका दिवसाचा पट कुणाच्या सोयीचा? प्रश्न रास्त आहेत, पण मुख्याध्यापकांना आज रात्री ते सोडवता येणार नाहीत.

ते आजोबांकडून मुकादमाचा नंबर मागून घेतात आणि लावतात. फोन बंद असल्याची सूचना ऐकू येते, कन्नडमध्ये.