कागद करणाऱ्यांची नावं कुठे सापडतात

मंडळी, 2023 साली मराठवाड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता : नोंद. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि खासरा पत्रक, प्रवेश-निर्गम उतारा, निजामकाळातली उर्दू आणि मोडी दफ्तरं पारावरच्या गप्पांत आली. त्याच दिवसांत मीही माझ्या नानीच्या माहेरची माणसं शोधायला निघालो. नानी कागजीपुऱ्याची. दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादच्या वाटेला लागलं की हे गाव येतं. पिढ्यानपिढ्या हातकागद करणारं गाव.

पहिले सहा महिने माझे वाया गेले, कारण मी जमिनीच्या कागदांत शोधत होतो. खासरा पत्रकात नाव येतं ते शेत कसणाऱ्याचं. आमच्या माणसांकडे होता हौद, लगदा कुटायची ढेंकी आणि ताव वाळवायची भिंत. शेताचा तुकडा असता तर चार पिढ्या एका दिवसात हाती आल्या असत्या. खानेसुमारीकडूनही मी फार आशा धरली होती. हैदराबाद संस्थानाची पहिली खानेसुमारी 1881 ची. तिच्या छापील अहवालांत धंद्यांचे आकडे असतात, माणसांची नावं नसतात.

परदेशात जुन्या कागद गिरणीतल्या पूर्वजाचा माग काढणाऱ्यांना एक मोठा आधार असतो. कागद उजेडात धरला की आत पाणखूण दिसते, तिच्यात गिरणीचं चिन्ह असतं, कधी सालही. आपल्याकडची छापरी, म्हणजे हौदातला लगदा उचलून ताव काढायची चटई, गवताच्या काड्यांची, घोड्याच्या केसांनी विणलेली. दौलताबादी कागद उजेडात धरा, काड्यांच्या बारीक रेषा दिसतील आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या केसांच्या शिवणी दिसतील. कारागिराचं नाव कुठेही नाही. त्या कागदावर जहागिरी लिहिल्या गेल्या, वतनं लिहिली गेली, सावकाराची देणी लिहिली गेली. औरंगाबादेतून हैदराबादला गेलेली मुघल दफ्तरं आज तेलंगणाच्या अभिलेखागारात आहेत, दीड लाखांच्या आसपास कागद. सगळ्यांची नावं त्यावर आली. ज्यांनी चिंध्या, सुतळी, जुनं गोणपाट चुन्यात भिजवून, कुटून, धुऊन ताव काढले, त्यांची आली नाहीत. मला हे फार लागतं, आणि म्हणूनच मी आज इथे उभा आहे.

नानी शेवटपर्यंत एक गोष्ट करायची. घरात लग्नपत्रिका आली की मजकूर वाचायच्या आधी तिच्यावरून अंगठा फिरवायची. मग म्हणायची, "घोटा नहीं ठीक से." तिची आई ताव घोटायची. भिंतीवर चिकटवून वाळवलेला ताव उतरवायचा, त्याला खळ लावायची, पुन्हा वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घासत राहायचं. न घोटलेल्या कागदावर बोरू अडखळतो, शाई पसरते. घोटीव तावावर अक्षर मोत्यासारखं उठतं. चोवीस तावांचा एक दस्ता. किती दस्ते त्या एका बाईच्या हाताखालून गेले असतील, याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही.

मग मला वाट सापडली ती निकाहाच्या नोंदवहीत. काझींच्या दफ्तरात लग्नाची नोंद होते तेव्हा नवरा-नवरीच्या बापांची नावं येतात, नवऱ्याने नवरीला द्यायच्या मेहेरची रक्कम येते, नवरीच्या वतीने बोलणारा वकील येतो, साक्षीदार येतात. हे साक्षीदार कोण? शेजारचे, नात्यातले, बहुतेक त्याच धंद्यातले. एका लग्नातला साक्षीदार दुसऱ्या लग्नात नवरीचा बाप निघतो. अशी गाठीला गाठ लावत गेलो तेव्हा माझ्यापुढे गल्लीच उभी राहिली. बापाकडून आजोबाकडे सरळ जाणारी वंशावळ आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. कारागिरांच्या घरात ती लवकर तुटते. मुलींच्या लग्नांतून गेलात तर पुढे सरकता येतं.

नानीच्या आईबापाच्या निकाहाची नोंद मिळाली : खुरदाद 1331 फसली. नवरीच्या बापाच्या नावापुढे धंदा लिहिला होता, कागजसाज. तो शब्द वाचला आणि मी वही मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो.

फसली, म्हणजे महसुली, सालाचं एवढं ध्यानात ठेवा. हैदराबादी फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतं. इसवी सन काढायला पहिल्या तीन महिन्यांना 590 मिळवा, पुढच्यांना 591. खुरदाद 1331 म्हणजे 1922 चा एप्रिल. आणखी एक : 1884 च्या सुमारास संस्थानाच्या कारभारात फारसी जाऊन उर्दू आली, गावपातळीवर मोडीही चालत राहिली. नुसती उर्दू येणारा माणूस त्यामागे गेला की अडतो. अशा वेळी जाणकाराला शेजारी बसवा, अंदाजाने वाचू नका.

गावात गेलात की तुम्हाला तुघलकाची गोष्ट सांगतील. 1327 साली राजधानी देवगिरीला आली, त्या काफिल्याबरोबर कागदी आले. गोष्ट ऐका, टिपून ठेवा, सांगणाऱ्याचं नावही लिहा. पण आपलं घर थेट तिथे नेऊन जोडू नका. सहाशे वर्षांची उडी मारली की मधली सगळी माणसं पुन्हा एकदा पुसली जातात. मला माझ्या चार पिढ्या हव्यात, नावानिशी.

उद्या सकाळी दहाला मी इथेच बसणार आहे. ज्यांच्या पेटीत जुना निकाहनामा असेल, शाळेचा दाखला असेल, हिशेबाची वही असेल, ते घेऊन या. सुती कापडात गुंडाळून आणा, घडीवर घडी घालू नका. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका. त्या तापलेल्या प्लास्टिकमध्ये खळ आणि घोटाई दोन्ही मरतात, आणि नंतर कागद सोडवता येत नाही.