दात रोवत चढणारी गाडी

श्रोतेहो, नमस्कार. नेरळहून माथेरानला छोट्या गाडीने तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. तिचा कडक चढ म्हणजे वीस फुटांना एक फूट. आज ज्या गाडीबद्दल बोलतो आहे, ती चार फुटांना एक फूट चढते. स्वित्झर्लंडमधली वेंगर्नआल्प रेल्वे, १८९३ साली सुरू झालेली, १९ किलोमीटरची.

इतक्या चढावर गुळगुळीत रुळावरचं चाक जागच्या जागी फिरत राहील. म्हणून रुळांच्या मधोमध एक दातेरी पट्टी टाकलेली आहे आणि गाडीखालचं दातेरी चाक तिच्यात दात रोवत वर सरकतं. आपल्याकडे हे पाहायचं तर निलगिरीत, कुन्नूरच्या घाटात जावं लागतं.

पण मला खरं कौतुक आहे ते उतरण्याचं. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला ठेवतात, म्हणजे डबे त्याच्यावर रेलून राहतात, सुटून खाली धावत नाहीत. आता गंमत बघा. क्लाइने शाइडेग ही २०६१ मीटरवरची खिंड. एका अंगाला लाउटरब्रुनेन, दुसऱ्या अंगाला ग्रिंडेलवाल्ड. गाडी तशीच पलीकडे उतरवली तर इंजिन वरच्या बाजूला येईल! म्हणून प्रवाशांनी इथे उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं. समोर आयगर शिखर उभं असतं, त्यामुळे खोळंबा जाणवत नसावा.

वाटेत वेंगन गाव लागतं. माथेरानसारखंच, तिथे बाहेरची मोटार जात नाही. पाहुणे, त्यांच्या बॅगा, दुकानातला माल, सगळं या गाडीनेच वर येतं. हिवाळ्यात डब्यांत स्कीच स्की. लोक गाडीने वर जातात, बर्फावरून घसरत खाली येतात आणि पुन्हा गाडी पकडतात.

याच डोंगरावर १९३० पासून लाउबरहॉर्नची स्की शर्यत होते. उतार चार किलोमीटरांहून लांब. वाटेत एके ठिकाणी शर्यतीतले खेळाडू चक्क रेल्वेच्या रुळांखालच्या बोगद्यातून सूं करत निघून जातात. त्या जागेचं जर्मन नाव वासरश्टाट्सिओन, म्हणजे पाण्याचं स्टेशन. विजेच्या आधी, वाफेच्या दिवसांत, चढून दमलेली इंजिनं तिथे थांबून पाणी भरून घेत.