विदर्भातला धर्मग्राम आणि त्याचे मास्तर

(दृश्य : सकाळचा अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर कापडी पिशवी बांधून निघालेले धर्मगुरू.)

ग्रामीण विदर्भातला कॅथोलिक धर्मग्राम (पॅरिश), म्हणजे एका चर्चशी आणि त्याच्या धर्मगुरूशी जोडलेला ख्रिस्ती समाज, एका गावात मावत नाही. तालुक्याच्या ठिकाणी किंवा एखाद्या मोठ्या गावाच्या कडेला चर्च असते, शेजारी फादरांचे घर असते, थोड्या अंतरावर सिस्टरांचा मठ, शाळा किंवा दवाखाना असतो. पण धर्मग्रामाची माणसे आजूबाजूच्या टापूत, कुठे पाच घरे तर कुठे बारा, अशी विखुरलेली असतात. रविवारी मुख्य चर्चमधली मिस्सा, म्हणजे कॅथोलिकांची मुख्य उपासना, आटोपली की फादर दुसऱ्या वस्तीकडे निघतात आणि तिथे कुणाच्या ओसरीवर, कुठे शाळेच्या खोलीत, तर कुठे पत्र्याचे छप्पर घातलेल्या लहानशा प्रार्थनागृहात पुन्हा मिस्सा होते. एका धर्मगुरूच्या वाट्याला अशी आठ-दहा गावे आली की प्रत्येक गावाला महिन्यातून एखादाच रविवार मिळतो. उरलेल्या रविवारी तिथली प्रार्थना कोण चालवते, मुलांना धर्मशिक्षण कोण देते, आजाऱ्याच्या उशाशी कोण बसते आणि घरात मयत झाली तर पहिला निरोप कुणाकडे जातो, हे विचारत गेले की विदर्भातल्या धर्मग्रामाचा इतिहास उलगडू लागतो. त्यातला थोडा बिशपांच्या नामावळीत आहे. पुष्कळसा मात्र गावोगाव पायी हिंडलेल्या धर्मशिक्षकांचा आहे, ज्यांना लोक नुसते ‘मास्तर’ म्हणत आले.

(दृश्य : कामठी. जुन्या छावणीतले रस्ते, दगडी कुंपणे, चर्चचे प्रवेशद्वार.)

या इतिहासाची सुरुवात मात्र खेड्यात झाली नाही. आल्प्स पर्वताच्या कुशीतल्या ॲनेसी या गावी १८३८ साली फादर पीटर मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने एक मिशनरी संघ स्थापन केला. त्या संघाची पहिली तुकडी १८४५ मध्ये भारताकडे निघाली आणि पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला पोहोचली. तिच्यावर सोपवलेला प्रदेश पूर्व किनाऱ्यापासून मध्य भारतापर्यंत पसरलेला होता आणि कामठीची लष्करी छावणी त्यात येत होती. १८२१ मध्ये वसलेल्या या छावणीत मद्रास फौजेच्या पलटणी असत. त्यांच्यातले आयरिश शिपाई कॅथोलिक होते आणि पलटणींच्या मागोमाग आलेली कित्येक तमिळ कुटुंबेही कॅथोलिक होती. पुढे १८६७ मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली गोवेकर व अँग्लो-इंडियन कुटुंबे स्टेशनांच्या गावी राहू लागली. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, प्रवचन इंग्रजीत किंवा तमिळमध्ये. भोवतालच्या खेड्यांतल्या मराठी माणसाला या चर्चचा कळस दिसत असला, तरी आत काय चालते याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

पोप तेरावे लिओ यांनी १८८६ मध्ये भारतातील धर्मप्रांतांची, म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशांची, रीतसर रचना केली आणि ११ जुलै १८८७ रोजी विशाखापट्टणमपासून वेगळा असा नागपूर धर्मप्रांत अस्तित्वात आला. ॲलेक्सिस रिकाझ हे त्याचे पहिले बिशप. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच हा सारा मुलूख दुष्काळाच्या तोंडी सापडला. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा, जुन्या पिढीने ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणून लक्षात ठेवलेला, त्याहून भीषण दुष्काळ आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात माणसे व गुरे किती मेली याचे हिशेब सरकारी अहवालांत आहेत. मिशनऱ्यांनी या काळात अनाथालये उघडली, धान्य वाटले, आणि अनाथालयांत वाढलेल्या मुलामुलींपैकी अनेकांची लग्ने होऊन त्यांची घरे उभी राहिली.

दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्या या माणसांनी अन्नासाठी ख्रिस्ती धर्म घेतला, असे आजही बोलले जाते. पोटाला अन्न नव्हते हे खरेच आहे, आणि ते लपवण्यासारखेही नाही. पण भूक भागल्यावर, अनाथालय बंद झाल्यावर, गोरे फादर निघून गेल्यावर आणि ख्रिस्ती असण्याचा कोणताही लाभ उरला नसताना चार-चार पिढ्या रविवारी एकत्र येत राहिल्या, याचा उलगडा धान्याच्या पोत्याने होत नाही. एवढा मोठा काळ माणूस जवळ करतो तो त्याला आपला वाटलेला धर्म, आणि तो आपला वाटावा म्हणून कुणीतरी त्याच्या दारात, त्याच्या बोलीत बोललेले असावे लागते.

(दृश्य : लाकडी कपाटातून काढलेली जाड पुठ्ठ्याची वही. पिवळे पडलेले पान हळूहळू जवळ येते.)

ते काम मास्तरांनी केले. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची नोंदवही असते. चर्चच्या कायद्याच्या सध्याच्या, १९८३ च्या धर्मसंहितेनुसार बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवणे धर्मग्रामाला बंधनकारक आहे. त्यापैकी विवाहाची नोंदवही तर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेच आवश्यक ठरवली होती. जुन्या वहीचे रकाने लॅटिनमध्ये छापलेले असतात. बालकाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, गाव, बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या श्रद्धेची हमी घेणारे धर्मपिता आणि धर्ममाता, शेवटी संस्कार देणाऱ्या फादरांची सही. समासात वेगळ्या शाईने पुढच्या नोंदी येतात : या मुलाला दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, कधी मिळाले, त्याचे लग्न कुठे आणि कुणाशी झाले. एका माणसाचे आयुष्य असे दोन ओळींत आणि समासात बसते. ही वही सावकाश चाळली की दिसते, की फादरांच्या सह्या बदलत जातात, फ्रेंच वळणाच्या अक्षराच्या जागी भारतीय नावे येतात, पण धर्मपित्याच्या रकान्यात एकच नाव पानामागून पान येत राहते. नव्याने श्रद्धा स्वीकारलेल्या घराला धर्मपिता म्हणून उभा राहायला भाऊबंदांतले कुणी ख्रिस्ती नसे. तिथे मास्तर उभे राहत. गावातल्या निम्म्या पोरांचा धर्मपिता एकच माणूस असण्याचे कारण एवढेच.

मास्तर म्हणजे पगारदार प्रचारक अशी समजूत करून घेणे चूक ठरेल. मानधन असे, पण ते नाममात्र. दिवसा ते गावातल्या पोरांना अक्षरओळख करून देत, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जपमाळेची प्रार्थना सांगत, कुणाचा अर्ज लिहून देत, कुणाला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जात. फादर गावात येणार असले की आधी जाऊन लग्ने ठरलेल्यांची, आजाऱ्यांची आणि भांडणे झालेल्या घरांची माहिती तेच गोळा करून ठेवत. मिशनरी कार्यासंबंधीच्या आपल्या आदेशात द्वितीय व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ मध्ये धर्मशिक्षकांच्या या कामाचा मोठ्या आदराने उल्लेख केला, आणि १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला चर्चमध्ये अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. विदर्भातल्या वस्त्यांवर ही सेवा त्याआधी शंभर वर्षांपासून चालू होती.

द्वितीय व्हॅटिकन धर्मपरिषदेनेच ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेचा आदेश प्रसृत केला आणि लोकभाषेतल्या मिस्सेची वाट मोकळी झाली. त्यापूर्वी वेदीवर फादर लॅटिनमध्ये मंत्र म्हणत आणि खाली बसलेल्या बायाबापड्या मनातल्या मनात मराठीतून जपमाळ ओढत. मराठी मिस्सा सुरू झाल्यावर गावकऱ्यांनी गाणी आपल्या चालीवर बसवली. ज्या मुलखात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी घरोघरी पोहोचवली, तिथल्या ख्रिस्ती भजनातही खंजिरी आणि टाळ आले नसते तरच नवल होते. हार्मोनियमवर बसणारा मुलगा बहुतेक वेळा गावातल्या भजनी मंडळातही साथ करणारा असतो, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

धर्मप्रांतांची फेररचना थोडक्यात सांगता येईल. १९५३ मध्ये नागपूर हा महाधर्मप्रांत झाला. १९५५ मध्ये त्यातून अमरावती धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला आणि बिशप जोसेफ रोझारिओ यांनी १९९५ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्याची धुरा सांभाळली. १९७७ मध्ये औरंगाबाद त्यातून स्वतंत्र झाले. पूर्वेकडे चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा या भागाची जबाबदारी १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार या जुन्या कॅथोलिक परंपरेतल्या, कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंवर सोपवण्यात आली, आणि १९७७ मध्ये चांदा (चंद्रपूरचे जुने नाव) हा पूर्ण दर्जाचा धर्मप्रांत झाला. त्यामुळे एकाच विदर्भात लॅटिन आणि सिरो-मलबार अशा कॅथोलिक उपासनेच्या दोन प्राचीन परंपरा नांदतात, ही गोष्ट खुद्द विदर्भातल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसते.

(दृश्य : ओढ्याकाठची शिंदीची झाडे. दोन मुले कोयत्याने पाती तोडत आहेत.)

धर्मग्रामाचे वर्ष मात्र शेतीच्या वर्षाशी जोडलेले आहे आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी येशूच्या येरुशलेममधल्या मिरवणुकीची आठवण म्हणून हातात झावळी घ्यायची असते. नारळ इथे होत नाही. म्हणून आदल्या दिवशी पोरे ओढ्यावर जाऊन शिंदीची पाती तोडून आणतात. एरवी ज्या पात्यांचे फडे बांधले जातात, त्याच पात्यांची म्हाताऱ्या बाया ओसरीवर बसून क्रुसाकृती वीण घालतात. एक पाते मधोमध दुमडायचे, दुसरे आडवे ओवायचे, टोक आत खोचून गाठ आवळायची. आशीर्वाद दिलेला तो क्रूस घरी दाराच्या चौकटीला वर्षभर खोचलेला राहतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात वाळून तांबूस होतो. पुढच्या राखेच्या बुधवारापूर्वी घरोघरचे हे जुने क्रूस गोळा करून जाळतात, आणि तीच राख कपाळाला लावून ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो.

मिरगाचा पाऊस पडण्याआधी बियाण्याच्या पिशव्या वेदीपुढे ठेवून आशीर्वाद घेतला जातो. पीक हाती आले की मिस्सेतल्या अर्पणात कापसाची फुटलेली बोंडे, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसे आणि संत्री येतात. २ नोव्हेंबरला, सकल मृतांच्या दिवशी, दफनभूमीतले गवत काढून थडग्यांना चुना मारला जातो, झेंडू वाहिला जातो. शेजारपाजारची हिंदू आणि बौद्ध मंडळीही आपल्या ओळखीच्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावून जातात. नाताळचा गोठा पऱ्हाटीच्या काड्यांचा आणि ज्वारीच्या धांड्यांचा असतो, त्यावर घरचाच कापूस पसरलेला असतो. फराळात करंज्या, अनारसे, चकल्या असतात आणि रात्रीच्या मिस्सेनंतर ‘जय येशू’ म्हणत त्याचे डबे गावात फिरतात. दिवाळीला आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हा नियम इथेही लागू असतो.

हे सलोख्याचे चित्र खरे आहे, पण तेवढेच दाखवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्मग्रामातील बरीच कुटुंबे एकेकाळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी जोडला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना मात्र मिळाला नाही. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दोन सख्ख्या चुलतभावांपैकी एकाला शिष्यवृत्ती मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, कारण त्यांच्या आजोबांनी वेगवेगळी वाट धरली होती. गावात वावरताना जात मात्र दोघांनाही सारखीच चिकटलेली असते. हा अन्याय आहे, आणि धर्मग्रामाची गोष्ट सांगताना तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

शेतीची अवस्था तर सर्वांचीच सारखी. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांना ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर करावी लागली, ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा हे जिल्हे याच धर्मग्रामांचे जिल्हे आहेत. कपाशीचा भाव पडला की धर्मग्रामाची दानपेटीही हलकी होते, आणि त्याच वेळी सिस्टरांच्या दाराशी येणारी माणसे वाढतात. बचत गट आणि विधवांसाठी शिवणवर्ग ही कामे अशा दिवसांत उभी राहिली.

(दृश्य : पत्र्याचे प्रार्थनागृह. नऊवारी नेसलेल्या, पाचवारी नेसलेल्या बाया आणि शाळकरी मुले. समोर उभी राहून एक बाई वाचन करीत आहे.)

आता जुने मास्तर राहिले नाहीत. त्यांची मुले शिकून नागपूर-पुण्याला नोकरीला लागली, आणि ती लागावीत अशीच त्या मास्तरांची इच्छा होती. त्यांच्या जागी बहुतेक वस्त्यांवर बाया पुढे आल्या आहेत. आठवडाभर निंदणाला किंवा वेचणीला जाणारी बाई शनिवारी रात्री उद्याचे शुभवर्तमान दोनदा मोठ्याने वाचून ठेवते, अडलेला शब्द मुलाला विचारते आणि रविवारी न अडखळता वाचते. फादर आले नाहीत म्हणून त्या गावात रविवार चुकत नाही.

मास्तरांची नावे मात्र अजून कुठेही एकत्र लिहिलेली नाहीत. बिशपांच्या तसबिरी चर्चच्या भिंतीवर आहेत, फादरांच्या कार्यकाळाचा फलकही बहुतेक ठिकाणी आहे. धर्मपित्याच्या रकान्यातून नावे उतरवून घेणे, त्यांनी कोणती गावे सांभाळली ते विचारणे आणि त्यांची थडगी कुठे आहेत ते शोधणे हे धर्मग्राम परिषदेला एका उन्हाळ्यात करता येण्यासारखे काम आहे. ज्यांनी त्यांच्या हाताखाली पहिली जपमाळ म्हटली, ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत आणि विचारले तर तासन् तास सांगायला तयार आहेत; तेव्हा ते काम याच उन्हाळ्यात हाती घ्यायला हवे.