टेलिफोनवाल्याचा ऑर्गन

मंडळी, ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटक आठवतं. रंगमंचापुढे बसलेला ऑर्गनवाला, पाय भात्यावर, नजर गाणाऱ्याच्या तोंडाकडे. आत पितळी पत्त्या, आणि सगळं वाद्य कंपनीच्या सामानाबरोबर गावोगाव फिरणारं. आज ज्या ऑर्गनबद्दल बोलायचंय, तो असा हलत नाही. इंग्लंडात ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये, म्हणजे नाचाच्या दालनात, १९३५ साली बसवलेला वुर्लिट्झर कंपनीचा ऑर्गन. त्यात पत्त्यांच्या पेटीऐवजी नळ्या आहेत, लाकडाच्या आणि धातूच्या, आणि त्यांना राहायला खोल्या लागतात.

कंपनी अमेरिकन, पण डोकं इंग्रजाचं. रॉबर्ट होप-जोन्स, जन्म १८५९, पेशाने टेलिफोन इंजिनिअर. तोवर चर्चच्या ऑर्गनमध्ये पट्टीपासून नळीखालच्या झडपेपर्यंत बहुधा काड्या आणि तरफाच असत. त्यामुळे वादक नळ्यांजवळच बांधलेला. होप-जोन्सने मध्ये वायर घातली. बर्कनहेडच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये त्याने पट्ट्यांचं टेबल, म्हणजे कन्सोल, चक्क बाहेरच्या आवारात नेऊन वाजवून दाखवलं. नळ्या आत, वादक उघड्यावर!

आत काय होतं ते नीट बघू, कारण गंमत तिथेच आहे. पट्टी दाबली की थोडीशी वीज एका छोट्या लोहचुंबकाकडे जाते. नळीखालची झडप ओढायची ताकद त्या बिचाऱ्यात नाही. तो फक्त एक बारीक भोक मोकळं करतो. तेवढ्याने हवा निसटते, चामड्याचा चिमुकला भाता मिटतो आणि त्याच्या जोरावर झडप उघडते. कष्ट वाऱ्याचे, वीज नुसती निरोप्या.

आता निरोपच द्यायचा, तर एकाच नळीला तीन ठिकाणांहून का देऊ नये? कीबोर्डच्या ६१ पट्ट्या. एकच आवाज खर्ज, मध्य आणि तार अशा तीन सप्तकांत हवा, तर जुन्या हिशेबाने १८३ नळ्या लागत. होप-जोन्सने एकच रांग दोन्ही टोकांना बारा-बारा नळ्यांनी वाढवली. ८५ मध्ये काम भागलं. चर्चच्या जाणकारांनी नाकं मुरडली, आणि त्यात तथ्य आहे: एकच नळी दोन स्वरांच्या वाट्याला आली की आवाज तेवढा पातळ होतो. सिनेमावाल्याला त्याचं काय? मूकपटाला अख्ख्या बँडऐवजी एक माणूस पुरणार होता. शिवाय खरे ड्रम, झांजा, घोड्यांच्या टापा, मोटारीचा भोंगा, सगळं त्याच्या बोटापायाशी.

१९१० मध्ये वुर्लिट्झरने होप-जोन्सचा धंदा विकत घेतला. पुढे त्याचं कंपनीशी फाटलं, आणि १९१४ मध्ये त्याने आत्महत्या केली. विसाच्या दशकातली भरभराट त्याने पाहिलीच नाही. जाता जाता सांगतो, त्याने शोधलेला ‘डायफोन’ हा नळीचा प्रकार पुढे धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यांत गेला.

१९२७ नंतर बोलपट आले आणि अमेरिकेतल्या थिएटरांत ऑर्गनचं काम झपाट्याने संपलं. ब्रिटनमध्ये तो मध्यंतरात वाजत राहिला, आणि ब्लॅकपूलला तर तो होताच मुळी नाचासाठी. तिथे १९३० मध्ये रेजिनाल्ड डिक्सन हा वादक आला. आजचा तीन कीबोर्डांचा, १४ रांगांचा ऑर्गन त्याच्याच आराखड्याचा.

नाचणाऱ्यांना ठेका लागतो. इथे अडचण बघा. तबलजी थाप जोरात मारून सम दाखवतो. ऑर्गनची पट्टी तुम्ही आदळा नाहीतर कुरवाळा, नळी तेवढंच बोलणार. आवाज कमी-जास्त होतो तो नळ्यांच्या खोलीच्या लाकडी झडपा पायाने उघडमीट केल्यावर. मग ठोका आणायचा कुठून? डिक्सनने तो स्वर तोडून आणला. पेडलवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर, पाय ‘एक’ म्हणतो, डावा हात ‘दोन’ला पट्ट्यांवर टेकून, तवा तापल्यासारखा, लगेच उचलला जातो. दोन स्वरांमधली ती फट नाचणाऱ्यांच्या पायांना कळते. त्यातून नळ्या वादकापासून दूर, आवाज कानाशी जरा उशिरा येतो. आपलंच वाजवणं ऐकत बसलात, तर लय मागे पडलीच. युद्धाची वर्षं सोडली, तर डिक्सन १९७० पर्यंत तिथे वाजवत होता, आणि खाली पावलं पडत होती.