पाण्याची बाटली

[दृश्य : सांगली, विश्रामबाग. सकाळी सहाची गच्ची.]

गच्चीवर दोन जुन्या गोधड्या अंथरल्यात. मधोमध एक मुलगा अनवाणी उभा आहे. काउंटरमागे पेयं बनवून देणारा तो बारटेंडर, त्यांची बाटल्या उडवायची कसरत, तिचाच हा सराव. बाटली तिच्या मानेला धरतो, उडवतो, झेलतो. परत उडवतो. धप्प! जिन्यातून आईचा आवाज येतो, "पडली का रं?"

पडली. दिवसातून शंभरदा पडते, म्हणून तर गोधड्या.

बाटलीत दारू नाही. पाणी आहे, तेही तळाशी दोन बोटं. अर्धी भरलेली बाटली उडवली की आतलं पाणी हिंदकळतं आणि गिरकी बिघडते. थोडं असलं तर ते फिरताना बुडाला धरून राहतं, वजन एका जागी राहतं आणि मान हाताशी कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. नजर कायम मानेवर.

[दृश्य : हाताच्या पालथ्या बाजूचा क्लोज-अप.]

आता हे नीट बघा. उडालेली बाटली पालथ्या हातावर उभी थांबली. याला 'स्टॉल' म्हणतात. हात ताठ ठेवला तर बाटली आपटून उसळते. म्हणून ती टेकायच्या आतच हात तिच्याबरोबर खाली जायला लागतो. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो ना, अगदी तसं. एवढी एक गोष्ट हातात बसायला त्याचे चार महिने गेले.

हा खेळ फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जेरी थॉमस नावाचा बारटेंडर पेटती व्हिस्की एका मगातून दुसऱ्या मगात ओतायचा. निळ्या ज्वाळेची धार लोक बघत राहायचे. १८६२ साली त्याने पुस्तकात ही कृती दिली, आणि नवशिक्यांना बजावलं की आधी बरेच दिवस गार पाण्यावर सराव करा.

इथे गच्चीवर तेच चाललंय.

[दृश्य : मंगल कार्यालय, संध्याकाळ. मॉकटेलचं काउंटर.]

सांगलीला रंगमंचाचं नवल नाही. मराठी नाटक १८४३ मध्ये इथेच विष्णुदास भाव्यांनी उभं केलं. आज लग्नाच्या मांडवात एका बाजूला हे चार फुटांचं काउंटर असतं. मॉकटेल, म्हणजे दारूचा थेंब नाही. तासगावच्या द्राक्षांचा रस, लिंबू, पुदिना, सोडा.

गर्दी टाळ्या वाजवते ती गिरकीला. आम्हाला मात्र जास्त आवडली ती त्याची धार. बाटलीच्या तोंडाला पोअरर, म्हणजे ओतायची तोटी, बसवलेला असतो. त्याच्या बारीक नळीतून हवा आत जाते, म्हणून धार एकसारखी पडते आणि मनात आकडे मोजून माप काढता येतं. गच्चीवर तो पाणी असंच ओततो आणि लगेच पेग मेजरमध्ये, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्यात, तपासतो, तीस मिलिलिटर भरलं का. साखरेचा पाक दाट, तो हळू पडतो. त्याची मोजणी वेगळी पाठ करावी लागते. बाटली कितीही उंच उडवा, सरबत पाणचट झालं तर माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

पहिल्या वर्षी एका रिसेप्शनला बाटली निसटली. काचेच्या ग्लासांवर पडली, आणि तुकडे बर्फाच्या पेटीत गेले. काच बर्फात दिसत नाही. त्याने सगळा बर्फ फेकून दिला, पेटी धुतली, आणि नवा बर्फ येईपर्यंत अर्धा तास लोकांपुढे हात जोडून उभा राहिला. आमच्या मते त्या दिवशी तो खरा बारटेंडर झाला. तेव्हापासून बर्फावरून बाटली उडवत नाही.

[दृश्य : काउंटरसमोर फेटा बांधलेले एक आजोबा.]

"पोरा, परत एकदा उडव की!"

"उडवतो की आजोबा. आधी तुमचा ग्लास घ्या."