२३ किल्ल्या

मंडळी, ही पिशवी टेबलावर ठेवतो. आवाज ऐकलात ना? लोखंड आहे. आत काय आहे ते मागाहून काढतो, आधी विषय. पत्रिकेवर छापलंय, 'पुरंदरचा तह : बरोबर की चूक?' माझं उत्तर आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांना चुटपूट नको. तह बरोबर होता. नाइलाजानं झाला म्हणून माफ करायचा, असंही मी म्हणत नाही. विचार करून केलेला होता आणि बरोबर होता.

हे बेळगावात उभं राहून बोलायला मला फार वर्षं लागली. आपल्याकडं तडजोड हा शब्द शिवीसारखा ऐकू येतो. १९५६ पासून तीन पिढ्या एकच वाक्य घोकत आल्या आहेत, मागं हटायचं नाही. त्या घोकण्यामागं काय काय आहे हे मला ठाऊक आहे, माझ्याही घरात ते आहे, आणि आज मी त्यावर बोलणार नाही. पण त्याच कानांनी आपण १६६५ च्या या तहाकडं बघतो. इतिहासाच्या तासाला मी हे वर्षानुवर्षं बघितलं. अफजलखानाच्या धड्याला शेवटच्या बाकावरचा पोरगाही सावरून बसायचा. आग्र्याच्या धड्याला मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. पुरंदरचा तह आला की वर्ग खिडकीबाहेर. आणि एक जण हमखास विचारणार, "सर, हे परीक्षेला येतंय काय?"

आता पिशवीची गोष्ट. आपली शिवजयंती तिथीची, वैशाखातली, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. इथं बसलेले निम्मे लोक कधी ना कधी त्यात मावळे होऊन उभे राहिलेत. एका वर्षी आमच्या भागातल्या मंडळानं देखावा सुचवायला मला बोलावलं. देवळाच्या कट्ट्यावर बैठक. मी म्हटलं, पुरंदरचा तह करूया. ट्रॉलीवर शामियाना. पुरंदरला वेढा घालणारे औरंगजेबाचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग बसलेले, समोर महाराज, ताठ. मधे परात, परातीत २३ किल्ल्या, तहात दिलेल्या एकेका किल्ल्याची एक. मागं थर्माकोलचा पुरंदर आणि त्याच्या दरवाजातून उतरणाऱ्या बायका, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. कुणाच्याच हातात उपसलेली तलवार नाही.

कट्टा गप्प झाला. मग एक जण म्हणाला, "सर, म्हाराज हरलेले दाखवायचे काय ओ?" दुसरा म्हणाला, "पलीकडच्या गल्लीचा अफजलखान हलतोय ओ सर, मोटर बसवल्यात. आमचं काय हलणार?" मी म्हटलं, बायका उतरताना हलतील की. सगळे हसले, मीही हसलो, चहा आला आणि विषय संपला. त्या वर्षीही अफजलखानच झाला.

पण किल्ल्या मी आधीच जमवल्या होत्या. जुन्या बाजारातून, भंगारवाल्याकडून, कुलपं दुरुस्त करणाऱ्याकडून. ज्यांची कुलपं कधीच हरवलीत अशा. दोन रात्री रॉकेलमध्ये भिजत घातल्या, चिंध्यांनी गंज पुसला आणि एकेकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. ही बघा. ही पुरंदर. ही वज्रगड. कोंढाणा, रोहिडा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, माहुली, कर्नाळा. पुढच्या रांगेत फिरवा, हातात घ्या. कोंढाण्याची मुद्दाम जड निवडली आहे.

मिरवणुकीच्या रात्री मी मारुती गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो. रथ सरकत होते, पोरं लांब बांबूंनी वरच्या वायरी उचलून धरत होती. तीन अफजलखान गेले, आग्र्याचे दोन पेटारे गेले, एक राज्याभिषेक गेला. पहाटे चारच्या सुमारास एक रथ अगदी माझ्यासमोर थांबला. त्यावर सात-आठ वर्षांचा एक मावळा होता. काजळाची मिशी गालभर पसरलेली, आणि गडी भाल्याला टेकून उभ्या उभ्या झोपलेला. खालून त्याची आई एका हातानं त्याचा पाय धरून होती, पडू नये म्हणून. त्या रात्रीचं मला हेच तेवढं लख्ख आठवतंय. कारण पुरंदरावर असलीच पोरं होती.

आपण पुरंदर म्हणजे मुरारबाजी म्हणतो, आणि म्हणायलाच पाहिजे. पण जयसिंगाची पत्रं त्याचा मुन्शी उदयराज यानं जपून ठेवली आणि त्यांत तो हिशेब आहे. गड खाली झाला तेव्हा सुमारे ७,००० माणसं उतरली, त्यांत लढणारी ४,०००. उरलेली ३,००० कोण? आपल्या सरदारांची, कारभाऱ्यांची कुटुंबं गडावर आसऱ्याला ठेवलेली होती. गड मजबूत म्हणूनच ठेवली होती. आता तोफांखाली तीच होती.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं राहिली. बरोबर आहे त्यांचं, मी पिशवीतच रमलो. आता भराभर बोलतो, आणि ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी नंतर जिन्यात धरावं.

पहिला आक्षेप नेहमीचा. पाऊस तोंडावर होता, आणखी महिनाभर कळ काढली असती तर वेढा आपोआप उठला असता. मीही तरुणपणी हेच बोलायचो. पण पाच वर्षांपूर्वी, १६६० मध्ये, सिद्दी जौहरनं भर पावसात पन्हाळ्याचा वेढा हलवला नव्हता. तो वेढा आतून कोणी सोसला होता? महाराजांनीच. पाऊस शत्रूला हाकलतो ही समजूत पन्हाळ्यानं पुसून टाकली होती. आणि इथं तर १४ एप्रिललाच वज्रगड गेलेला, मुरारबाजी पडलेला, माचीवरचे बुरूज एकामागून एक मोगलांच्या हातात. पुरंदर महिना काढण्याच्या अवस्थेतच नव्हता.

दुसरं, पाऊस तोंडावर म्हणजे पेरणीही तोंडावर. इथं खानापूरकडचे लोक आहेत, धूळवाफ पेरणी चुकली तर वर्ष कसं जातं ते त्यांनी सांगावं. जयसिंगानं नुसता वेढा घातला नव्हता. दाऊदखानाला सहा हजार स्वार देऊन मावळात सोडलं होतं. एकट्या रोहिड्याच्या आसपास पन्नासेक गावं जाळली. गुरं नेली, माणसं धरली. बैल नसलेल्या गावात जून महिना कसा येतो याचा विचार राजानं करायचा नाही तर कुणी? ११ जूनला महाराज जयसिंगाच्या छावणीत गेले, दोन दिवसांत तह ठरला. बोलणी चालू असताना समोर पुरंदरावर मारा सुरूच होता.

तिसरं, आणि माझ्या मते खरं. आपण दिलेलं मोजतो, राखलेलं मोजत नाही. दिले २३ किल्ले आणि वर्षाला चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख. राखले १२ किल्ले आणि एक लाख होनांचा. पण १२ कुठले? राजगड, तोरणा, रायरी, लिंगाणा, घोसाळा, भोरप. राजधानी राखली, आणि जिथं पुढं ६ जून १६७४ ला सिंहासन मांडलं ती रायरीही राखली. मनसब, म्हणजे मोगलांकडचा हुद्दा, घेतली ती शंभूराजांच्या नावावर, आठ वर्षांच्या पोराच्या. स्वतः दरबारी चाकरी करायची नाही ही सवलत मागून घेतली. आग्र्याचं पाप पुरंदरच्या माथी मारतात त्यांनी हे कलम वाचावं. आग्र्याला जायचं तहात नव्हतंच, तो जयसिंगाचा नंतरचा आग्रह.

त्यात एक कलम आपल्या या बेळगावकडच्या मुलखाशी जोडलेलं आहे. आदिलशाहीचा कोकणातला आणि बालेघाटातला मुलूख मिळावा म्हणून बादशहाला ४० लाख होन द्यायचे, दरसाल तीन लाखांच्या हप्त्यानं. आज आपण बसलोय ही जागाही तेव्हा आदिलशाहीचीच. शिवाजी आणि विजापूर एकमेकांत झुंजत राहावेत, हा जयसिंगाचा डाव होता, आणि त्याच्या पत्रांत तो उघड आहे. म्हणजे तहानं आपल्याला त्रास झाला नाही असं मी म्हणत नाही. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला, महाराजांचे सेनापती नेतोजी पालकर विजापूरला जाऊन मिळाले. ही किंमत मोठी होती आणि ती मी लपवणार नाही. पण जयसिंगाची विजापूरची मोहीम साफ फसली, तो १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला. डाव मांडणारा गेला, आणि ज्याच्यावर मांडला तो राजगडावर बसून तीन वर्षं धान्य, घोडी आणि माणसं जमवत होता.

मग १६७०. फेब्रुवारीत कोंढाणा, मार्चमध्ये पुरंदर, त्याच वर्षात लोहगड, कर्नाळा, रोहिडा, माहुली. त्या चढायांत जे मावळे होते त्यांतले किती जण पाच वर्षांपूर्वी पुरंदरावरून आईचं बोट धरून उतरले असतील, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. मी मात्र चित्ररथात ती ठेवणार होतो.

किल्ल्या फिरून परत आल्या का? मोजतो. एकवीस, बावीस. कोंढाण्याची तिकडं मागं राहिली आहे, राहू दे, बघून होऊ दे. या पिशवीसकट मी त्या द्यायला तयार आहे. येत्या वैशाखात कुठल्याही मंडळानं हा देखावा करावा, ट्रॉलीचं भाडं माझं. परात घरची आहे. बायका आणि पोरं मात्र खऱ्या उभ्या करायच्या, थर्माकोलच्या नकोत, आणि दरवाजातून त्या रात्रभर उतरत राहिल्या पाहिजेत.